न्हावा शेवा ते रबाळे: ३५ किलोमीटर, चार रात्री

१५ सप्टेंबर २०२३, शुक्रवार. रात्री साडेअकराला न्हावा शेवाच्या एका सीएफएसमधून, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामातून, आमची गाडी बाहेर पडली. माल म्हणजे परदेशातून आलेल्या एका प्रेस यंत्राचा मुख्य भाग. लांबी ७.२ मीटर, रुंदी ३.९, उंची ३.६५, वजन ५८ टन. इनव्हॉइसवरची किंमत साडेनऊ कोटी. जायचं होतं रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात. अंतर साधारण ३५ किलोमीटर, एका रात्रीचं काम. प्रत्यक्षात माल कारखान्याच्या गेटातून आत गेला तो मंगळवारी पहाटे, गणेश चतुर्थीला. त्यातले चौतीस-साडेचौतीस किलोमीटर पहिल्याच रात्री झाले होते. शेवटच्या सातशे मीटरसाठी बाकीचे दिवस गेले.

मी कळंबोलीतल्या एका लहान ट्रान्सपोर्ट कंपनीत ऑपरेशन्स बघतो. या मालाचा रस्ता मी पाहिला, परवानगीचे कागद मी केले आणि शेवटी बिलही मीच बनवलं. पुढे ज्या चुका येतील त्यांतल्या बऱ्याच माझ्या आहेत आणि त्या जशा झाल्या तशा लिहितो आहे. ओडीसीच्या, म्हणजे ठरलेल्या मापाबाहेरच्या मालाच्या, धंद्यात अशी प्रकरणं तोंडी फिरतात, कागदावर येत नाहीत, म्हणून पुढच्या माणसाला त्याच खड्ड्यातून जावं लागतं.

माल, गाडी, माणसं

केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे रस्त्यावरच्या गाडीची रुंदी २.६ मीटरच्या वर जाता कामा नये आणि साध्या मालट्रकची उंची ४ मीटरच्या. त्यापलीकडचा माल म्हणजे ओडीसी. त्याला वेगळी परवानगी, वेगळा ट्रेलर, पुढे पायलट गाडी आणि बहुतेक वेळा फक्त रात्रीची वेळ. परवानगीशिवाय माल गाडीबाहेर आलेला सापडला तर १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये दंड, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा. ५८ टनांचा तुकडा रस्त्यात उतरवायचा कसा, याचं उत्तर कुठल्याच कलमात नाही.

आमचा ट्रेलर सहा ॲक्सलचा हायड्रॉलिक होता. एका ॲक्सलला आठ टायर, म्हणजे अठ्ठेचाळीस टायर. माल आणि ट्रेलर मिळून एका ॲक्सलवर पावणेचौदा टनांच्या आसपास वजन येत होतं. या ट्रेलरची खुबी अशी की त्याचा डेक, म्हणजे माल ठेवायची सपाटी, वरखाली होतो. चालताना आमचा डेक जमिनीपासून १.१५ मीटरवर असतो, म्हणजे मालासकट एकूण उंची ४.८० मीटर. पॉवर पॅक चालू करून डेक पूर्ण बसवला तर साधारण २८ सेंटीमीटर खाली येतो आणि उंची ४.५२ होते. हे दोन आकडे लक्षात ठेवा, सगळं प्रकरण त्यांच्यामधल्या जागेत अडकलेलं आहे.

पुलरवर, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या गाडीवर, तात्या होते. पाथर्डीकडचे, वय पंचावन्नच्या पुढे, गेली वीस-बावीस वर्षं हेच काम. आदल्याच दिवशी, १४ तारखेला, बैलपोळा झाला होता. घरी एक जोडी आहे, पण लोडिंगची तारीख पक्की झाल्यामुळे ते गेले नव्हते. मागे ट्रेलरची स्टिअरिंग आणि हायड्रॉलिक सांभाळायला एक माणूस, दोन खलाशी म्हणजे मदतनीस आणि पायलट गाडीत एक जण. माणसं एकूण पाच.

लोडिंगच्या वेळी तात्यांनी दीड तास लॅशिंगवर, म्हणजे माल चेनने बांधण्यावर, घालवला. प्रत्येक चेन हाताने दाबून बघायची, लोड बाइंडर आवळायचा, पुन्हा दाबायची. मालाखाली रबरी मॅट नीट बसली का, हे त्यांनी पोटावर झोपून टॉर्चने पाहिलं. क्रेनवाला घाई करत होता. मी पण करत होतो, कारण रात्रीची परवानगी पहाटे पाचपर्यंतच होती.

पहिली रात्र

गव्हाण फाटा, उलवे, उरण फाटा, मग शिरवणे, तुर्भे नाका, पावणे, महापे. ताशी दहा-पंधराचा वेग. पाऊस थांबून थांबून येत होता. विजेच्या तारांचा त्रास झाला नाही. रस्ता ओलांडणाऱ्या उच्च दाबाच्या तारेला किमान ६.१ मीटर उंची लागते आणि महावितरणच्या तारा सहसा ती राखतात. त्रास होतो तो केबल आणि इंटरनेटच्या वायरींचा. त्या कुणी, कधी, कुठल्या खांबावरून कुठल्या झाडावर नेल्या याचा हिशेब कुणाकडे नसतो. खलाशी मालावर बसून लांब सुक्या बांबूने त्या उचलत होता. बांबूच्या टोकाला वाय आकाराचं बेचकं, त्याला रबराची ट्यूब गुंडाळलेली. साडेनऊ कोटींचा माल शेवटी त्या बांबूच्या भरवशावर पुढे जात होता.

तीन वाजून गेल्यावर गाडी ठाणे-बेलापूर रस्ता सोडून एमआयडीसीच्या आतल्या रस्त्याला लागली. दहा मिनिटांनी पायलटचा फोन आला: "पुढे कमान आहे."

गणेशोत्सव मंडळाची स्वागत कमान. बांबू आणि लाकडी वाशांची, वर कापड, खाली झालर, दोन्ही बाजूंना रोषणाई. पालिकेची परवानगी आणि वाहतूक पोलिसांचा ना हरकत दाखला खांबालाच प्लास्टिकमध्ये घालून लावलेला. म्हणजे कमान अगदी कायदेशीर होती. टेप लावला. झालरीच्या वर, आडव्या वाशापर्यंत १५ फूट, म्हणजे ४.५७ मीटर.

रस्त्याची पाहणी मी १ सप्टेंबरला केली होती. दुपारी, कारमधून, लेझर मीटर घेऊन. फॉर्ममध्ये 'तात्पुरते अडथळे' असा एक रकाना आहे. त्यात मी 'नाहीत' लिहिलं होतं. त्या दिवशी खरंच नव्हते. कमान १२-१३ तारखेला उभी राहिली. गणपती १९ तारखेला आहेत हे मला काय ठाऊक नव्हतं? घरी मखराची चर्चा चालू होती. पण कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मंडळ असू शकतं, मंडळ आलं की कमान येते, हा दुवा डोक्यात जुळला नाही. तात्यांना मी पाहणीला नेलं असतं तर जुळला असता. त्यांनी मला नंतर साधेपणाने विचारलं, "साहेब, सर्वे करताना कुणाला विचारलं का, सणाला इथं काय असतं?" कुणालाच विचारलं नव्हतं.

"नाही" म्हणण्याचा प्रश्न

आता आकडे. कमान ४.५७, डेक पूर्ण बसवला तर माल ४.५२. मधे पाच सेंटीमीटर. कारखान्याचा प्रोजेक्ट मॅनेजर फोनवर होता, त्याची क्रेन आणि बसवणारी परदेशी टीम सकाळपासून भाड्याने उभी राहणार होती. तो म्हणाला, पाच सेंटीमीटर आहेत ना, मग काढा. माझे मालक म्हणाले, तात्यांना विचार. मी विचारलं, पण ज्या सुरात विचारलं त्यात उत्तर आधीच होतं.

तात्या खाली उतरले, चालत कमानीपर्यंत गेले आणि बुटाने रस्ता चाचपून परत आले. कमानीच्या बरोबर खाली गतिरोधक होता. कागदावर न दिसणारी ती चार बोटं उंचीची डांबराची पट्टी. हायड्रॉलिक ट्रेलर गतिरोधकावरून जाताना एकेक ॲक्सल वर उचलला जातो आणि सिलिंडर आत दबून ती उंची पोटात घेतो, डेक सपाट राहतो. पण डेक आधीच पूर्ण बसवलेला असेल तर सिलिंडरला दबायला जागाच उरत नाही. मग गतिरोधकाची सगळी उंची सरळ मालाच्या माथ्यावर जाते. पाच सेंटीमीटरची फट, दहा सेंटीमीटरचा उंचवटा. वर वासा, त्यावर विजेची माळ.

"मी नाही नेणार," ते म्हणाले. "दुसरा ड्रायव्हर आणा, मी किल्ली देतो."

हे वाक्य बोलायला काय लागतं, ते या धंद्यात नसलेल्याला सांगून पटणार नाही. ट्रिपवर चालणारा माणूस, समोर तीन फोन, प्रत्येक फोनवर कुणीतरी मोठं. माल पोचला तर ट्रिप पूर्ण, थांबला तर 'ड्रायव्हरने अडवला'. मी त्या क्षणी त्यांच्या बाजूने ठाम उभा राहिलो नाही. "बघू या" म्हणालो. ते "बघू या" मला अजून टोचतं. निर्णय त्यांनी एकट्याने घेतला आणि बरोबर घेतला.

मागे जाणं शक्य नव्हतं. दोन्ही कडेला ट्रक लागलेले, मागचं वळण रात्री उलट घेणं म्हणजे दुसरं संकट. गाडी तिथेच डाव्या कडेला घेतली, चाकांना ठोकळे लावले, भोवती रिफ्लेक्टर आणि दोरी. पहाट झाली.

शनिवार ते सोमवार

शनिवारी सकाळी कारखान्याच्या माणसाने मंडळाच्या कार्यकर्त्यांना फोन केला आणि आवाज चढवला. आमचं कोट्यवधीचं मशीन तुमच्या कमानीमुळे अडलं आहे, वगैरे. पोरांनी फोन ठेवला. रविवारी रात्री त्यांच्या बाप्पाचं आगमन होतं. आगमनाच्या आदल्या दिवशी कमान सोडा म्हणणाऱ्याला कोण उभं करील? मंडपवाल्याची माणसंही दहा ठिकाणी अडकलेली होती. पोलिसांनी स्वच्छ सांगितलं, कमानीला परवानगी आहे, तुमच्या गाडीची परवानगी पहाटे पाचला संपली, रस्ता अडवू नका आणि मंडळाशी बोलून घ्या. त्यांचंही चुकत नव्हतं.

त्या तीन दिवसांत पाच माणसं त्या गाडीभोवती राहिली. कडेला गाडी उभी आहे म्हणजे ड्रायव्हर आराम करतो आहे, असं ऑफिसात बसून वाटतं. मलाही वाटायचं. शनिवारी दुपारी मी गेलो तेव्हा तात्या मालावर चढून ताडपत्रीत साठलेलं पाणी बांबूने वर ढकलून खाली सोडत होते. यंत्र आत ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये सीलबंद होतं, बरोबर सिलिका जेलच्या पिशव्या. पण पेटीच्या कोपऱ्यात पाणी मुरलं तर त्या फॉइलचं काय होतं, ते तात्यांनी पूर्वी एकदा पाहिलेलं होतं. रात्री दोघांनी जागायचं, बाकीच्यांनी झोपायचं. डिझेल आणि बॅटरीची चोरी हा रोजचा धोका. केबिनला एसी नाही. (१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, आमचा पुलर त्याच्या बराच आधीचा.) संडासची सोय नाही. शेजारच्या कंपनीच्या गेटवर विचारलं तर वॉचमन नाही म्हणाला, त्याला तसा हुकूम होता. एखाद्या ट्रक टर्मिनलला जायचं तर माल कुणाच्या भरवशावर सोडायचा? शेवटी सोय केली ती मंडळाच्या पोरांनी, त्यांच्या मागच्या चाळीत.

मोटार ट्रान्सपोर्ट कामगारांचा कायदा तेव्हा १९६१ चा होता. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. अशा उभ्या रात्री त्या मापात कुठे बसवायच्या, हे मी माझ्या नोकरीत कुणालाही विचारताना ऐकलेलं नाही.

रविवारी रात्री अकराला तात्यांचा फोन आला. मला वाटलं गाडीला काही झालं. ते म्हणाले, "साहेब, ई-वे बिल आज बाराला मरतंय. वाढवलं का?"

मी विसरलो होतो. ई-वे बिल म्हणजे जीएसटीखाली माल नेताना बरोबर लागणारा मुदतीचा कागद. साध्या मालाच्या ई-वे बिलाला २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो, ओडीसीला २० किलोमीटरमागे एक. आमचं अंतर ३५, म्हणजे दोन दिवस. शुक्रवारी संध्याकाळी काढलेल्या बिलाचा पहिला दिवस शनिवारी मध्यरात्री संपतो, दुसरा रविवारी मध्यरात्री. मुदत संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, एवढ्या खिडकीतच ती वाढवता येते. सोमवारी सकाळी आठनंतर माझ्या लक्षात आलं असतं, तर साडेनऊ कोटींचा माल मेलेल्या कागदावर रस्त्यात उभा राहिला असता. १८ टक्क्यांनी त्यावरचा कर १ कोटी ७१ लाख, आणि जीएसटी कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे दंड कराच्या दुप्पट, ३ कोटी ४२ लाख. तपासणीत अधिकारी किती समजून घेईल हा पुढचा भाग, पण कलमाचं तोंड एवढं मोठं आहे. मी रात्री पावणेबाराला मुदत वाढवली. ज्याच्या खिशात तो कागद होता त्याला तारीख पाठ होती, ज्याने काढला त्याला नव्हती.

बांबू

त्याच रात्री, फोनच्या आधी तासभर, मंडळाची मूर्ती आली होती. ट्रॉलीसकट चौदा फूट. कमान पंधरा फुटांची का, त्याचं कारण हेच. कमानीच्या अलीकडे एक इंटरनेटची वायर लोंबत होती, मुकुटाला लागेल अशी. पोरांकडे बांबू होता, पण आखूड. आमच्या खलाशाने मालावरून आमचा बांबू उचलला, तात्यांनी ट्रॉलीच्या बाजूला उभं राहून हाताने दिशा दाखवली आणि वायर वर धरून मूर्ती खालून नेली. ढोल थांबला होता. सगळे वर बघत होते. मुकुट आणि वायरीमधे वीतभर अंतर राहिलं.

त्यानंतर पोरांनी तात्यांना चहा दिला आणि विचारलं, "काका, तुमची गाडी किती उंच?" शनिवारपासून हा प्रश्न त्यांना कुणी नीट विचारूच दिला नव्हता. तात्यांनी जमिनीवर बांबू टेकवून त्याच्यावर खडूने दोन खुणा केल्या. ही कमान, हा माल. आणि पायाने गतिरोधक दाखवला. मूर्ती नेणाऱ्या पोरांना तो समजावून सांगावा लागला नाही. तेही दरवर्षी त्याच गतिरोधकावरून ट्रॉली नेतात.

सोमवारी पोरांनीच मंडपवाल्याला बोलावलं. रात्री एक वाजता दोन माणसं कमानीवर चढली, माळांचं कनेक्शन काढलं, आडव्या वाशाच्या सुतळ्या सोडल्या आणि वासा दोन फूट वर नेऊन पुन्हा बांधला. टेप लावला, ५.१७ मीटर. तेवढ्या वेळात मी नव्या परवानगीचा कागद घेऊन पोचलो होतो. अडीच वाजता गाडी हलली. कमानीखाली तात्यांनी डेक अर्धाच बसवला, म्हणजे वर जागा आणि खाली दबायलाही जागा. सहाही ॲक्सल एकेक करून गतिरोधक चढले आणि उतरले, डेकवर ठेवलेला पाण्याचा ग्लाससुद्धा सांडला नसता. सव्वातीनला गाडी गेटातून आत गेली. मंडळाने पैसे घेतले नाहीत. आम्ही पाच हजारांची वर्गणीची पावती फाडली.

लाल ठिपका

प्रकरण इथे संपायला हवं होतं. सकाळी पेटी उतरवताना मागच्या बाजूचा शॉक इंडिकेटर लाल दिसला. हा एक छोटा स्टिकर असतो, मधे काचेची नळी. ठरावीक मर्यादेपेक्षा जोराचा धक्का बसला की नळी लाल होते आणि पुन्हा पांढरी होत नाही. पेटीवर असे चार होते. तीन पांढरे, एक लाल. कारखान्याने बिल्टीवर, म्हणजे मालाच्या वाहतूक पावतीवर, रिमार्क मारला, भाड्याचे दहा टक्के रोखले, आणि पहिलं वाक्य लिहिलं ते 'ड्रायव्हरच्या निष्काळजीपणामुळे'.

धक्का बोटीवर बसला, बंदरात, सीएफएसमध्ये, की आमच्याकडे? लोडिंगच्या वेळी मी फोटो काढले होते. सील, चेन, पुढची बाजू, दोन कडा. मागची बाजू तेव्हा भिंतीकडे होती. तीन-चार पावलं चालून फोटो काढायचे मी टाळले, कारण घाई होती. तात्यांनी तो स्टिकर पाहिला होता. "होता लाल," ते म्हणाले, "मला वाटलं कंपनीचा शिक्का." तो काय असतो, हे वीस वर्षांत त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मीही नाही. त्यांनी जे पाहिलं ते त्यांना वाचता आलं नाही, मला वाचता येत होतं पण मी पाहिलं नाही. २००७ च्या रस्ता वाहतूक कायद्यात मालाचं नुकसान झालं तर वाहतूकदाराचा हलगर्जीपणा सिद्ध करायची जबाबदारी मालाच्या मालकावर नसते, उत्तर आम्ही द्यायचं असतं. उत्तराला फोटो लागतो.

नुकसान तपासणारा सर्व्हेयर आला. पेटी सगळ्यांच्या समोर उघडली, फॉइल शाबूत, दाब आणि अलाइनमेंट तपासली, यंत्र ठीक निघालं. तात्यांचा जबाब घेतला तेव्हा मी शेजारी बसलो आणि इंग्रजी छापील फॉर्मवर सही करायच्या आधी ओळ न ओळ त्यांना मराठीत वाचून दाखवली. एका ठिकाणी 'स्टॉप्ड विदाउट इन्स्ट्रक्शन' असं होतं. ते खोडून 'उंची अपुरी असल्याने थांबवली' असं लिहवून घेतलं. रोखलेले दहा टक्के डिसेंबरमध्ये आले.

बिल

कारखान्याला आम्ही तीन दिवसांचं हॉल्टिंग, म्हणजे गाडी अडकून राहिल्याचे पैसे, लावलं. पुलर, ट्रेलर, पायलट गाडी, रिफ्लेक्टरच्या बॅटऱ्यासुद्धा. ते बिल मी तयार केलं, मालकांनी सही केली, कारखान्याने थोडं कापून दिलं. दिवाळीच्या आधी खलाशांपैकी धाकटा पोरगा ऑफिसात आला आणि दारातूनच विचारलं, "दादा, हॉल्टिंग मिळालं म्हणतात. आमचं किती?"

बिलात माणसांची ओळच नव्हती. ट्रिपचा ठरलेला भत्ता एका रात्रीचा, तो दिला होता. राहिलेल्या रात्री गाडीच्या नावावर वसूल झाल्या होत्या, गाडीत बसलेल्यांच्या नाही. मी मालकांकडे गेलो. ते वाईट माणूस नाहीत, त्यांनाही ते दिसलं नव्हतं. पाचही जणांना तीन दिवसांचे पैसे दिवाळीला दिले आणि हॉल्टिंगच्या दरपत्रकात तेव्हापासून 'चालक व सहकारी, प्रतिदिन' अशी वेगळी ओळ छापली जाते. एक गिऱ्हाईक त्यावरून अजून वाद घालतं. आम्ही ती ओळ काढलेली नाही.

पाहणीचा फॉर्मही बदलला. 'तात्पुरते अडथळे' या रकान्यात आता 'नाहीत' लिहिता येत नाही, ज्याला विचारलं त्याचं नाव आणि तारीख लिहावी लागते. निघायच्या आदल्या रात्री दुसरी पाहणी, ज्या वेळी माल जाणार त्याच वेळी, आणि जो नेणार तो ड्रायव्हर गाडीत. पेटीच्या चारही बाजूंचे फोटो झाल्याशिवाय चेन आवळायची नाही, हा नियम तात्यांनी स्वतःच घातला. पुढच्या लोडिंगला मागची बाजू पुन्हा भिंतीकडे होती. त्यांनी क्रेनवाल्याला पेटी फिरवायला लावली, मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आधी तो ठिपका घ्या. पांढरा आहे तोवर."